चांदण्या रात्री मचाणावर बसताय? या चुका टाळा

वैशाख लागला की एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो : पौर्णिमेला जनावरं जास्त निघतात ना? विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, होकार हवा असतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशी बसून जनावरं बघायच्या-मोजायच्या मचाणाचं बुकिंग झालेलं असतं, दुर्बीण नवी असते, घरी आणि ऑफिसात सांगून झालेलं असतं. मी ‘नाही’ म्हटलं की माणूस हिरमुसतो आणि ‘हो’ म्हणणारा दुसरा गाठतो. असा दुसरा लगेच मिळतो, हेच तर दुखणं आहे.

पौर्णिमेला चितळ-सांबर जास्त फिरतात असं धरून चालणं

वैशाख पौर्णिमेला पाणवठ्यावर गर्दी दिसते ती पाण्यामुळे. नाले आटलेले, बोड्यांच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या, तळाला भेगा पडलेल्या, सागाची पानं केव्हाच गळून गेलेली, आणि आसपासच्या सगळ्या जनावरांना मिळून तेवढंच एक पाणी उरलेलं. दोन आठवडे आधीच्या अमावस्येलाही तहान हीच होती. त्या रात्री तिथे कोण येऊन गेलं ते फक्त कोणाला दिसलं नाही.

पौर्णिमा निवडली गेली ती माणसाच्या डोळ्यांसाठी. चांगल्या विजेऱ्या नव्हत्या तेव्हा शिकारीही चांदण्यातच मचाणावर बसत, कारण नेम धरायला आधी जनावर दिसायला तर हवं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुका खाली आल्या. मचाण राहिलं, पौर्णिमा राहिली, आणि ‘चांदण्यात जनावर निघतं’ ही समजूतही राहिली.

ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत जॉन आल्डन नाइट नावाच्या गृहस्थाने १९२६ साली चंद्र आणि सूर्य यांच्या स्थितीवरून मासे आणि जनावरं कधी हालचाल करतील याचा एक सिद्धांत मांडला. चंद्र डोक्यावर किंवा बरोबर पायाखाली असतो ती ‘मोठी’ वेळ, चंद्रोदय आणि चंद्रास्त या ‘छोट्या’ वेळा. त्याची कोष्टकं तिकडचे शिकारी आणि गळ टाकणारे आजही बघतात. आता तीच कोष्टकं फोनवर येतात, आणि आमच्याकडचे हौशी लोक ती चितळांना लावतात.

कोष्टक खरं का वाटतं ते सांगतो, म्हणजे पुन्हा कोणी माझ्यासमोर फोन धरणार नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि सूर्योदयाच्या सुमारास मावळतो. म्हणजे दोन्ही ‘छोट्या’ वेळा तिन्हीसांजेला आणि पहाटे पडल्या. अष्टमीला चंद्र तिन्हीसांजेला किंवा पहाटे डोक्याशी असतो, म्हणजे आता ‘मोठ्या’ वेळा तिथे आल्या. अमावस्येला पुन्हा छोट्या. आणि हरणं हलतात कधी? तिन्हीसांजेला आणि पहाटे, चंद्र कुठेही असो. त्यामुळे दर आठवड्याला श्रेय कोष्टकाला मिळतं, काम संधिप्रकाश करतो. अमेरिकेतच पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे घालून हे तपासलं गेलं, तेव्हाही हालचालीचे उंचवटे पहाट आणि संध्याकाळ याच वेळांना आले. चंद्राच्या कलेने त्यात फारसा फरक पडला नाही.

चंद्राचा काहीच परिणाम नाही, असंही नाही. लहान उंदरांसारखे प्राणी लख्ख चांदण्यात उघड्यावर यायला कचरतात, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. टांझानियात सिंहांनी माणसांवर केलेल्या हल्ल्यांचा अभ्यास झाला, तेव्हा पौर्णिमेनंतरच्या दिवसांत हल्ले जास्त निघाले. कारण साधं आहे : त्या दिवसांत चंद्र उशिरा उगवतो, आणि माणसं बाहेर असतात त्या वेळेला काळोख असतो. तो फायदा शिकार करणाऱ्याने घेतला. यातून ‘पौर्णिमेला सांबर जास्त दिसेल’ कसं निघतं, ते मला कोणी समजावून सांगावं.

कोष्टकाच्या वेळेसाठी जागणं आणि बाकी रात्र झोपणं

विदर्भातल्या एका पाणवठ्यावर मला सोबती मिळाला तो पहिल्यांदाच आलेला. उत्साह भरपूर, आणि फोनमध्ये कोष्टक. पौर्णिमेचा चंद्र सगळ्यात उंच येतो मध्यरात्रीच्या आसपास, तेव्हा अॅपने रात्री सव्वाअकरा ते सव्वा ही ‘उत्तम वेळ’ हिरव्या रंगात दाखवली होती. वनरक्षक आम्हाला मचाणावर चढवून गेला आणि हे महाशय साडेपाचला आडवे झाले. म्हणे, रात्रीसाठी झोप साठवतो.

सूर्य खाली गेला आणि चितळं उतरली. आधी माद्या, मग पाडसं, मागे एक नर. त्यांच्या पलीकडे झाडीच्या कडेला एक सांबर येऊन उभं राहिलं. सांबर पाण्याशी घाईने येत नाही. कान फिरवतं, दोन पावलं टाकतं, पुन्हा थांबतं. मी सोबत्याच्या पायाला हळूच बोट लावलं. त्याने कूस बदलली, फळी करकरली. सांबराचा ‘पोंक’ असा दणदणीत आवाज झाला आणि पाणवठा रिकामा.

सव्वाअकराला मात्र गडी ताठ बसला. हातात विजेरी, दर थोड्या वेळाने पाण्यावर झोत. रातवे पक्षी ओरडत होते, एक ससा येऊन गेला, बस. सव्वा वाजला तशी ‘अॅप चुकलं बहुतेक’ असं म्हणून तो पुन्हा झोपला. पहाटे साडेतीनच्या पुढे अस्वलाची मादी आली, पाठीवर पिल्लू घेऊन. फुरफुर आवाज करत पाणी प्यायली आणि आल्या वाटेने निघून गेली. सकाळी हे कळल्यावर तो माझ्यावरच रागावला : ‘उठवलं का नाही?’ उठवलं असतं तर फळी परत करकरली असती.

दोघं असाल तर पाळ्या लावा, पण सूर्यास्ताच्या आधीपासून अंधार पूर्ण पडेपर्यंत आणि पहाटे चारपासून उजाडेपर्यंत दोघांनीही जागं राहायचं. झोप काढायची ती मध्यरात्रीच्या मागेपुढे काढा, म्हणजे नेमकी त्या हिरव्या पट्ट्यात. माझी सवय अशीच आहे आणि ती बदलावी असं मला अजून वाटलेलं नाही.

विजेरी आणि फोन

पौर्णिमा घेऊन वर विजेरी मारायची असेल तर अमावस्येलाच यायचं होतं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पडदा एकदा बघितला की ती सगळी मेहनत वाया जाते. ‘फक्त वेळ बघितली’ म्हणणाऱ्यांनी हातात काट्याचं घड्याळ बांधावं. लिहायला उजेड लागलाच तर विजेरीच्या काचेवर लाल पारदर्शक कागद दुहेरी लावा आणि झोत मांडीवरच्या कागदाबाहेर जाऊ देऊ नका. लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर कमी बिघडते, आणि हरणांनाही तो आपल्याइतका स्पष्ट दिसत नाही.

मंद उजेडात ज्याच्याकडे रोखून बघाल ते विरघळल्यासारखं होतं. किंचित बाजूला बघा, कडेच्या नजरेला ते दिसेल. हे नव्या माणसाला पटत नाही. तो डोळे ताणतो आणि दगडाला अस्वल करतो.

चंद्र कुठून जाणार हे न बघता बसणं

उन्हाळ्यातला सूर्य जसा दुपारी डोक्यावर येतो, तसा उन्हाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र येत नाही. तो दक्षिणेकडून, आकाशात साधारण अर्ध्या उंचीवरून जातो. त्यामुळे मचाणाच्या उत्तरेला पाणी असेल तर उजेड तुमच्या पाठीमागून जनावरावर पडतो. पाणी दक्षिणेला असेल तर पाण्यावर नुसती चकाकी आणि तिच्यापुढे काळी आकृती. मचाण आपल्याला हलवता येत नाही, पण पौर्णिमेची मिजास किती बाळगायची हे तरी आधी कळतं. दक्षिणेच्या पाण्यावर मी आकृतीच्या बाह्यरेषेवर भर देतो : मानेची ठेवण, कानांचा आकार, चाल.

वारा विसरणं

चंद्रावर तासभर बोलणाऱ्याला वारा कुठून आहे विचारा, गप्प होतो. अत्तर, डासांचं उग्र मलम, बिडी, मसालेदार डबा, सगळं वाऱ्यावर पाण्यापलीकडे पोचतं. चढण्याआधी चिमूटभर धूळ सोडून बघा. वारा तुमच्याकडून पाण्याकडे असेल तर डबा न उघडणं एवढंच हातात आहे.

किरकोळ, पण दरवर्षीच्या

कुरकुरणारी प्लास्टिकची पिशवी. पांढरा शर्ट. ‘जरा जवळून बघतो’ म्हणून खाली उतरणं. याला चूक म्हणत नाही, याला घरी पाठवतात.

अवकाळी पाऊस हिशेबात न धरणं

आदल्या दोन दिवसांत चांगली सर पडली असेल तर खळग्याखळग्यात पाणी असतं आणि पाणवठ्याकडे कोणी फिरकत नाही. पौर्णिमा तीच, चांदणं तेच. शिवाय तिथी तीच असली तरी तारीख सरकते : बुद्धपौर्णिमा २०२४ला २३ मे रोजी होती, २०२५ला १२ मे रोजी, २०२६ला १ मे रोजी. तीन आठवड्यांच्या फरकात उन्हाळा वेगळा होतो. ‘गेल्या वेळी इतकी दिसली होती, यंदा का नाही’ असं विचारण्याआधी पंचांग सोडून पर्जन्यमापक बघावा.

तोच कळप तीनदा मोजणं

रात्रभरात दिसलेली जनावरं लिहायच्या एका तक्त्यावर मी चितळांचा आकडा दीडशेच्या वर बघितला आहे, तोही अशा पाणवठ्यावर जिथे एकच कळप येतो. संध्याकाळी आला, बिचकून गेला, परत आला, पहाटे पुन्हा आला. भरणाऱ्याने बेरीज करून टाकली. पाणवठ्यावरच्या मोजणीची हीच जुनी अडचण आहे. म्हणून वाघांच्या अंदाजासाठी २००६पासून कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि खुणांचं सर्वेक्षण यांवर भिस्त ठेवली जाते. मचाणावरची रात्र आता मुख्यतः निसर्गानुभव म्हणून असते. पण म्हणून तक्त्यात काहीही भरायचं? प्रत्येक नोंदीसमोर वेळ, कुठून आले, कुठे गेले, नर-माद्या-पिल्लं किती, आणि एखादी ओळखीची खूण लिहा : तुटकं शिंग, फाटका कान. पुन्हा तोच कळप वाटला तर ‘बहुधा तोच’ असं लिहायला लाज वाटू देऊ नका.

सांबराच्या बाबतीत आणखी एक. मे महिन्यात बऱ्याच सांबर नरांची शिंगं गळलेली असतात किंवा नवी, मखमली आवरणातली, आखूड असतात. चितळाच्या नरांना मात्र त्याच वेळी पूर्ण वाढलेली शिंगं दिसतात. नवखे लोक शिंग दिसलं नाही की सांबराला ‘मादी’ लिहून मोकळे होतात. अंगाचा आवाका आणि मानेची जाडी बघा. नक्की कळलं नाही तर ‘लिंग अनिश्चित’ लिहा.

पौर्णिमेचं बुकिंग हुकलं म्हणून न जाणं

बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेरच्या पट्ट्यात, काही ठिकाणी इतर रात्रीही मचाण मिळतं. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसत असला तरी उजेड पौर्णिमेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच असतो, तेव्हा ती रात्र डोळ्यांनी बघायची म्हणून घेऊ नका. शुद्ध एकादशी-द्वादशीला सूर्य मावळतानाच चंद्र वर असतो, म्हणजे संध्याकाळची जनावरं सलग उजेडात मिळतात आणि मध्यरात्रीनंतरही बराच वेळ दिसत राहतं. वद्य तृतीया-चतुर्थीला उलट : चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जातो, त्यामुळे सुरुवातीचे दोन-तीन तास काळोख, पण पहाटे पश्चिमेला भरपूर चांदणं. मी यातली दुसरी रात्र घेतो. तेव्हा गर्दी नसते, आणि कोष्टकवालेही नसतात.