एअर रायफलचा ग्रुप फुटतोय? रायफल बदलण्याआधी या चुका टाळा

"सर, पोराचं ग्रुपिंग बसंना झालंय. रायफल बदलावी काय?" कोल्हापुरातल्या कुठल्याही शूटिंग रेंजवर थोडा वेळ उभं राहा, हे वाक्य कानावर पडणारच. ग्रुपिंग म्हणजे सगळे शॉट एकाच जागी, जवळजवळ पडणं; ते पसरले की ग्रुप फुटला. तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण जिंकलं, राही सरनोबतनं 2018 मध्ये आशियाई स्पर्धेचं सुवर्ण आणलं आणि 2024 मध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. पोराला तालमीत घालायचं की रेंजवर, असा विचार आता इथल्या घरांत होतो. मॅच रायफल काही लाखांची असते आणि ती घेताना घरची बरीच कामं पुढं ढकललेली असतात. त्यामुळं ग्रुप फुटला की पहिला संशय रायफलवर, दुसरा पोरावर. छऱ्याच्या डब्यावर संशय घेणारा पालक क्वचितच भेटतो. खरं तर चौकशी तिथूनच सुरू करायला हवी.

आधी हिशेब बघू. 10 मीटर एअर रायफलच्या कार्डावर, म्हणजे निशाण्याच्या कागदावर, दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छऱ्याची कड ठिपक्याला शिवली की दहा. म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला की 10.0 मिळतात, आणि तिथून आत प्रत्येक दशांशाची किंमत पाव मिलिमीटर. पोरानं शॉट अगदी मधोमध सोडला, पण छर्रा एक मिलिमीटर वाट चुकला, तर 10.9 चे 10.6 झाले. साठ शॉटच्या सामन्यात असे वीस शॉट गेले तर सहा गुण गेले. पोराची चूक काहीच नाही, आणि घरी जाताना गाडीवर बोलणी मात्र त्यालाच.

इथं एक विषय मिटवून टाकतो, कारण हल्ली तो वारंवार निघतो. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून काही उत्साही मंडळी विचारतात, की तिकडं लोक घरी सिंगल स्टेज प्रेस नावाच्या हातयंत्रावर काडतुसं भरतात, एकेक काडतूस मोजूनमापून, म्हणून त्यांचा ग्रुप बसतो. आपण का नाही? आपल्याकडं शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणं परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि त्याची शिक्षा फार कडक आहे. घरात हा उद्योग करायचा नाही. शिवाय आपल्या कामाला त्याचा उपयोगही नाही. स्वप्नील किंवा तेजस्विनी ज्या 50 मीटर प्रकारात खेळतात, तिथं पॉइंट टू टू रिमफायर काडतूस लागतं. त्यात पेटणारा मसाला पितळी कवचाच्या काठातच भरलेला असतो. काडतूस उडालं की काठ चेपतो आणि मसाला संपतो, त्यामुळं ते प्रेसवर पुन्हा भरायची सोयच नसते. मोठे नेमबाज काडतूस बनवत बसत नाहीत. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसं आपल्या बॅरलमधून मारून बघतात आणि जो लॉट बसतो त्याचा साठा करतात. त्यासाठी ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत काडतूस कंपन्यांनी खास टेस्ट रेंज ठेवल्या आहेत. छऱ्यांच्या बाबतीतही नेमकं हेच करायचं असतं आणि आपल्याकडं नेमकं हेच होत नाही.

डबा बघून घेतला, बॅच बघितलीच नाही

डब्याच्या लेबलावर तीन गोष्टी असतात: वजन, हेड साइज (छऱ्याच्या तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये) आणि बॅच किंवा लॉट नंबर. रायफलसाठी साधारण 0.53 ग्रॅमचा चपट्या तोंडाचा छर्रा चालतो. हेड साइज 4.49, 4.50 अशी छापलेली असते. बहुतेक जण कंपनीचं नाव आणि डब्याचा रंग लक्षात ठेवतात आणि नवा डबा तोच म्हणून घेऊन येतात. बॅच बदललेली असते. तेच नाव, तोच रंग, पण साचा वेगळा किंवा झिजलेला. मग "गेल्या महिन्यात चांगला मारत होता, आता काय झालंय कुणास ठाऊक" सुरू होतं.

दुसरा घोळ उसनवारीचा. राज्य पातळीवर खेळणाऱ्या ताईच्या रायफलला 4.50 बसतो, म्हणून आपणही 4.50 चे दहा डबे एकदम मागवायचे. अहो, तिचं बॅरल वेगळं, तुमचं वेगळं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी त्या एकाच छऱ्याला सारखी पसंती देतील याची खात्री नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. क्लबात क्लॅम्प असेल तर रायफल त्यात बसवा, नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर नीट टेकवा. वेगवेगळ्या बॅचचा एकेक डबा घ्या. प्रत्येकाचे दहा-दहा शॉटचे निदान दोन-तीन ग्रुप काढा आणि कार्डावर बॅच नंबर लगेच लिहून ठेवा, नंतर आठवत नाही. चांगली मॅच रायफल आणि जुळणारी बॅच असेल तर क्लॅम्पमधून दहा शॉटचं मिळून पडलेलं भोक कडेपासून कडेपर्यंत सहा मिलिमीटरच्या आसपास किंवा आतच राहतं. वाळूच्या पिशवीवर ते थोडं मोठं येईल, पण कोणती बॅच घट्ट आणि कोणती सैल हे दिसतंच. तीन शॉट मारून निकाल लावू नका. तीन शॉट कुठल्याही भंगार डब्यातले एकाच भोकातून जाऊ शकतात. सातवा-आठवा शॉट खरं बोलायला लागतो. बॅच सापडली की त्याच नंबरचे हंगामभर पुरतील एवढे डबे एकदम घ्या.

काही जण याच्या उलट टोकाला जातात. गुजरीतून सोनाराचा छोटा काटा आणतात आणि रात्री बसून एकेक छर्रा तोलतात. त्यातले स्वस्त काटे शंभरांश ग्रॅमपर्यंतच दाखवतात. 0.53 ग्रॅमच्या छऱ्यावर तो फरक जवळपास दोन टक्के होतो, म्हणजे जो बारीक फरक शोधायचा तो काट्याला दिसतच नाही. एवढा वेळ होल्डिंगला, म्हणजे रायफल स्थिर धरायच्या सरावाला द्या.

चांगला छर्रा हाताळून वाया

छर्रा शिशाचा असतो, आणि शिसं नखानंही चेपतं. त्याचा मागचा घेर तर फारच पातळ. शॉट सुटताना हवा तोच घेर फुलवून बॅरलला चिकटवते. घेर एका बाजूनं चेपलेला असेल तर हवा तिथून निसटते आणि छर्रा वाकडा निघतो. आता डबा गाडीच्या डिकीत टाकून आपल्या रस्त्यांवरून रोज रेंजला न्यायचा म्हटल्यावर आत काय होत असेल बघा. डबा नवा असताना वर फोमची चकती असते, ती फेकून देऊ नका. डबा अर्धा झाला की मोकळी जागा कापसानं किंवा फोमनं भरा. शॉर्टपँटच्या खिशात सुटे छर्रे घेऊन येणारा एखादा तरी प्रत्येक क्लबात असतो.

जमिनीवर पडलेला छर्रा फुंकर मारून भरायचा नाही. तो सरळ वेगळ्या डबीत टाकायचा. त्याला चिकटलेला वाळूचा कण बॅरलमधून जाताना काय करतो हे बाहेरून दिसत नाही, एवढंच.

पावसाळ्यात आपल्याकडं हवा इतकी दमट असते की उघड्या डब्यातल्या छऱ्यांवर पांढरी भुकटी धरते. तसे छर्रे सरावालाही वापरू नयेत. झाकण घट्ट लावा आणि डबा कोरड्या कपाटात ठेवा.

भरताना छर्रा अंगठ्यानं तिरका ढकलून लिव्हर दाबली तर घेर तिथंच चेपतो. आणि भरला की नाही आठवत नाही, म्हणून आणखी एक भरला, असंही होतं. शॉटचा आवाज दबका आला आणि कार्डावर खालच्या अंगाला दोन भोकं दिसली तर कारण शोधत बसू नका.

साइट आणि स्क्रू

ग्रुप घट्ट आहे पण दहावर नाही, एवढ्यावर घाबरायचं कारण नाही, क्लिक द्यायचे, म्हणजे साइटचा नॉब एकेक खटका फिरवायचा. पण जर्मन बनावटीच्या साइटवर नवी पोरं हमखास उलटं फिरवतात. त्या नॉबवरची अक्षरं शॉट कुठं पडतोय ते सांगतात, कुठं न्यायचा ते नाही. शॉट वर पडत असतील तर 'एच'कडं (जर्मन 'होख', म्हणजे वर) फिरवायचं, म्हणजे शॉट खाली येतात. उलटं फिरवलं की शॉट आणखी वर जातो, पोरगं आणखी फिरवतं आणि सरावाचा वेळ त्यातच संपतो. एकाच शॉटवर क्लिक देणं ही आणखी एक खोड. चार-पाच शॉटचा मध्य कुठं आहे ते बघून मगच हात लावा.

पुढच्या साइटमधली रिंग फार लहान घेऊ नका. काळा गोल आणि रिंग यांच्यामध्ये पांढरी कड स्वच्छ दिसली पाहिजे. ती कड फार बारीक झाली, की रिंगचं काळं आणि गोलाचं काळं डोळ्याला वेगळं दिसेनासं होतं. मग होल्ड लांबतो आणि शॉट जबरदस्तीनं सोडला जातो.

ग्रुप अचानक, एका दिवसात फुटला असेल तर आधी ॲलन की घ्या. स्टॉकचे स्क्रू, मागच्या साइटचा स्क्रू, पुढच्या साइटची पकड, बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग). यातला एखादा सैल निघाला की निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. पण घट्ट करायचा म्हणजे पिळायचा नाही.

हवा: इथं मात्र चेष्टा नको

पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलच्या सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत दाब असतो. शॉट एकामागून एक हळूहळू खाली उतरायला लागले तर पहिल्यांदा गेज बघा. दाब रेग्युलेटरच्या (प्रत्येक शॉटला सारख्या दाबाची हवा देणाऱ्या भागाच्या) मर्यादेखाली गेला की वेग पडतो आणि शॉट खाली येतात. सामन्याआधी भरून घ्यायचं, मध्येच आठवून नाही.

भरताना घाई करू नका. झपकन भरला की सिलिंडर तापतो, गेज 200 दाखवतो आणि थंड झाल्यावर 180 वर येतो. हातपंप वापरणाऱ्यांनी पंपातलं पाणी वरचेवर काढावं, आपल्या हवेत ते भरपूर साचतं. ते आत गेलं की रेग्युलेटर गंजतो, आणि मग वेग कधी जास्त, कधी कमी.

आता आपल्या गावाच्या अभिमानाची गोष्ट, आणि म्हणूनच धोक्याची. उद्यमनगरात नमुना दाखवला की कुठलाही पार्ट लेथवर बनवून मिळतो, आणि चांगला मिळतो. पण दाबाच्या सिलिंडरचा वॉल्व्ह, ॲडॉप्टर किंवा सील तिथून बनवून घ्यायचा नाही. साध्या दुकानातली मापाला बसणारी ओ-रिंगही नको. आणि गॅस कटिंगवाल्याकडं ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला असतो, त्यातून भरून घेऊ, असा विचारसुद्धा करू नका. ऑक्सिजन, दाब आणि तेलाचा एखादा थेंब एकत्र आला की भडका होतो, आणि तो तुमच्या गालाजवळ. भरायची ती कोरडी, गाळलेली, साधी हवा. त्या वाटेवर साधं तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. कंपनीनं सांगितलेलंच वंगण.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. जुनी रायफल घेताना लोक ट्रिगर दाबून बघतात, बॅरलमध्ये डोकावतात, पण तारीख वाचत नाहीत. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडवला जाऊ शकतो आणि मुदतीची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. नवा सिलिंडर परदेशातून यायला वेळ लागतो.

बॅरल साफ करणं: थोडं पुरे

दर रविवारी लोखंडी ब्रश घालणं बंद करा. एअर रायफलच्या बॅरलचं पोलाद मऊ असतं आणि आत दारूची काजळी नसते, असतो तो शिशाचा पातळ थर. फेल्टचे छर्रे किंवा दोरीनं ओढायचं कापड मागच्या बाजूनं घालून पुढं काढा, बास. साफ केल्यावर पहिले काही शॉट इकडंतिकडं पडतात. त्यावरून साइट हलवू नका. म्हणूनच सामन्याच्या सकाळी साफसफाई काढू नये.

सुरुवातीला स्प्रिंगची देशी एअरगन वापरणाऱ्यांना एकच सांगणं: छर्रा न भरता ती सोडू नका. पिस्टन पुढं जाऊन धाडकन आपटतो आणि सील फाटतं.

एवढं सगळं ठीक निघालं तर

मग पोराकडं वळा. रायफल टेकवून ग्रुप घट्ट येतो आणि उभ्यानं फुटतो, म्हणजे रायफल निर्दोष. शॉट आडवे पसरत असतील तर उभं राहण्याची दिशा बघा: डोळे मिटून दोन श्वास घेऊ द्या, उघडायला सांगा, आणि रायफल बाजूला गेलेली दिसली तर हातानं ओढून न आणता पाय सरकवू द्या. उभे पसरत असतील तर श्वास आणि डाव्या कोपराचा आधार. एखादाच शॉट मध्येच पार आठवर जात असेल तर बहुतेक वेळा होल्ड लांबलेला असतो. दहा सेकंदांत नाही जमलं तर रायफल खाली घ्यायला शिकवा. हे पोरांना अवघड जातं, कारण मागं वडील उभे असतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला. छर्रा, साइट आणि बट प्लेट एकाच दिवशी बदलून ग्रुप सुधारला, तर कशामुळं सुधारला ते सांगता येत नाही, आणि पुन्हा बिघडला की परत पहिल्यापासून.

घरी गच्चीवर शॉट मारू नका. रेंजवर भिंत आणि छर्रे अडवणारा ट्रॅप असतो, गच्चीपलीकडं शेजारी असतात. घरी फक्त ड्राय फायर (छर्रा न भरता ट्रिगरचा सराव), तोही चेंबर उघडून, बघून, मगच, आणि स्प्रिंगच्या एअरगननं नाही. रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. आणि छर्रे तोंडात धरून एकेक भरायची सवय असेल, तर ती आजच मोडा. ते शिसं आहे.