फवारणी ड्रोनला काम मिळवताना: सुटे एकर नको, शिवार धरा

१० लिटर टाकीचा ड्रोन एक एकर फवारायला साधारण सहा-सात मिनिटं उडतो. उतरवणं, टाकी भरणं, बॅटरी बदलणं धरलं की एकराला बारा-पंधरा मिनिटं जातात, म्हणजे तासाला चार-पाच एकर. फवारणीचे उपयोगाचे तास दिवसाला पाचच मिळतात: सकाळी दव ओसरल्यापासून साडेदहा-अकरापर्यंत आणि दुपारी चारनंतर. दिवसाचं काम झालं वीस-बावीस एकर. आता यात दोन एकर एका गावात आणि तीन एकर बारा किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात असले, तर जनरेटर, पाण्याचे ड्रम, चार्जर चढवा-उतरवा यात दीड तास जातो. ५०० रुपये एकराने तीन हजारांचं काम रस्त्यावर सांडलं.

म्हणून या धंद्यात गिऱ्हाईक मिळवणं म्हणजे एका दिवशी एका शिवारात वीस एकर गोळा करणं. पुढचं सगळं त्याच हिशेबाने वाचा.

आधी कागद, मग पाटी

डीजीसीएचं (केंद्राच्या नागरी विमान खात्याचं) रिमोट पायलट प्रमाणपत्र, ड्रोनचा यूआयएन म्हणजे नोंदणी क्रमांक, त्या मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट (मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) आणि थर्ड पार्टी विमा या चारही कागदांच्या प्रती एका फोल्डरमध्ये गाडीत ठेवा. शेतकरी विचारणार नाही, पण पोलीस पाटील विचारेल, आणि साखर कारखाना तर त्याशिवाय दारात उभं करणार नाही. कामाची गावं विमानतळाजवळच्या रेड किंवा यलो झोनमध्ये, म्हणजे खास परवानगीशिवाय ड्रोन उडवता न येणाऱ्या भागात, येतात का, हे नकाशावर आधी बघा. बुकिंग घेऊन मग 'इथं उडवता येत नाही' सांगितलं तर त्या गावात पुन्हा शब्द चालत नाही.

त्यानंतर घरापासून २५ किलोमीटरचं वर्तुळ काढा. त्यातली पंधरा-वीस गावं, प्रत्येक गावाची मुख्य पिकं आणि पेरणीची तारीख एका वहीत लिहा. सोयाबीन जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पेरलं तर पहिली फवारणी जुलैच्या मध्यात येते. कपाशी जुलै ते ऑक्टोबर. ऊस पुरुषभर वाढला की जुलै-सप्टेंबरात माणूस आत शिरत नाही, तिथे ड्रोनला स्पर्धाच नाही. तूर फुलावर आली की ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि मागोमाग हरभऱ्याची घाटेअळी. जाहिरात फवारणीच्या तीन आठवडे आधी सुरू व्हायला हवी. अळी दिसल्यावर शेतकरी थांबत नाही, पाठीवर पंप घेऊन मोकळा होतो.

द्राक्षबागेचं काम मागितलं तरी घेऊ नका. मांडवाच्या वरून पडणारा फवारा पानाच्या खालच्या बाजूला आणि घडाच्या आत नीट पोचत नाही. त्यासाठी बागायतदाराकडे ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे. न जमणाऱ्या पिकाला स्पष्ट 'नाही' म्हटलं की बाकीच्या पिकांवरचा तुमचा शब्द चालतो.

पहिला माणूस: कृषी सेवा केंद्रवाला

शेतकरी औषध कोणतं मारायचं हे दुकानात विचारतो आणि कोणाकडून मारून घ्यायचं हेही तिथेच ठरतं. पॅम्प्लेट वाटण्याआधी प्रत्येक मोठ्या गावातल्या एका दुकानदाराकडे जा, तेही दुपारी दोन ते चारच्या मोकळ्या वेळात. त्याच्या मनात एकच भीती असते: ड्रोनमुळे औषध कमी खपेल. ती तिथेच काढा. ड्रोनमध्ये पाणी कमी होतं, औषधाची एकरी मात्रा तीच राहते. पंपाला १० मिली आणि एकराला १० पंप असं प्रमाण असेल, तर एकरी १०० मिली झालं. तेच १०० मिली ड्रोनच्या १० लिटर पाण्यात जातं.

त्याला एकरी ३० ते ५० रुपये कमिशन द्या, पण आठवड्याच्या आठवड्याला रोख. दोन अटी आधीच बोलून घ्या. एक, एकाच गावाची नोंदणी एकाच दिवसासाठी घ्यायची. दुसरी, टाकीत काय-काय मिसळायचं हे शेवटी ड्रोनवाला ठरवणार. दुकानातून कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, सूक्ष्म अन्नद्रव्य आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत असा पाच पुड्यांचा सेट येतो. १५० लिटर पाण्यात तो खपून जातो, १० लिटरात त्याचं दही होतं, फिल्टर आणि नोझल तुंबतात, आणि विद्राव्य खताचं प्रमाण जास्त झालं तर पानं करपतात. शेतकऱ्यासमोर काचेच्या बरणीत एक लिटर पाण्यात त्याच प्रमाणात सगळं मिसळून दहा मिनिटं ठेवा. गाळ बसला किंवा फुटलं तर ते मिश्रण टाकीत जाणार नाही. वाद घालण्यापेक्षा बरणी दाखवणं सोपं.

डेमो: पिवळा कागद आणि अर्धं शेत

'एकराला दहाच लिटर पाणी? नुसतं तोंड ओलं होणार!' हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. तोंडी उत्तराने कुणाचं समाधान होत नाही. पाण्याला रंग बदलणारे पिवळे कागद मिळतात. थेंब पडला की तिथे निळा ठिपका उठतो. एका झाडावर तीन कागद लावा: शेंड्याला, मध्ये आणि बुडाच्या पानावर. हातमोजे घालूनच लावा, कारण घामाचं बोट लागलं तरी कागद निळा होतो. दव असताना लावला तर ड्रोन उडायच्या आधीच सगळा निळा, आणि लोक हसतात. नुसतं पाणी भरून ड्रोन एकदा फिरवा, कागद काढा आणि जमलेल्यांच्या हातात द्या. शेंड्याला दाट ठिपके, मध्ये बरे, बुडाला तुरळक दिसतील. तुरळक आहेत हे लपवू नका. दाट फांद्यांच्या आत ड्रोन कमी पडतो, हे तुम्ही सांगण्याआधी शेतकऱ्याने सांगितलं तर डेमो फसला. उंची आणि वेग कमी करून दुसरी फेरी दाखवा, बुडाच्या कागदावरचा फरक दिसतो.

त्यानंतर खरी फवारणी. शेत रस्त्याकडेचं निवडा आणि मालक असा, की ज्याचं बघून चार जण बियाणं ठरवतात. अर्ध्या शेतात त्याचा नेहमीचा मजूर पंपाने मारेल, अर्ध्यात ड्रोन. औषध तेच, दिवस तोच. बांधावर तारीख आणि औषधाचं नाव लिहिलेली पाटी रोवा. आठवड्याच्या बाजाराचा दिवस टाळा, गाव रिकामं असतं. डेमोच्या दिवशी बुकिंग मागू नका. सातव्या दिवशी परत या, दोन्ही बाजूंची दहा-दहा झाडं मालकालाच मोजायला लावा, अळ्या किती उरल्या ते त्याच्याच तोंडून व्हिडिओत घ्या. नोंदणीची वही त्या दिवशी उघडायची.

मजुराच्या आरोग्याचा मुद्दाही सांगण्यासारखा आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विदर्भात कुणी विसरलेलं नाही. पण त्याची भीती घालून विकू नका, आणि औषध मिसळणारा तुमचा स्वतःचा पोरगा मास्क-हातमोज्यांशिवाय उभा असेल तर हा विषय काढूच नका.

व्हॉट्सॲप, पण नंबर सेव्ह करून

ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, हे बरेच जण विसरतात आणि दोनशे जणांना पाठवून वाट बघत बसतात. डेमोला जमलेल्यांना तिथेच नंबर सेव्ह करून 'हाय' पाठवायला सांगा. लिस्ट गावनिहाय ठेवा. गावाच्या ग्रुपवर रोज जाहिरात टाकली की ॲडमिन काढून टाकतो. तिथे महिन्यातून दोनदा, कामाचीच माहिती.

मेसेज असा असावा: 'मंगळवार १६ तारखेला तुमच्या शिवारात सोयाबीन फवारणी. १४ एकर नोंद झालीय, ६ शिल्लक. एकरी ५००, औषध तुमचं. आगाऊ एकरी १००. नाव, गट नंबर, एकर, शेताजवळ तार किंवा मोठं झाड आहे का, एवढं पाठवा.' किती एकर शिल्लक आहेत हा आकडा खराच लिहा. गावात कुणी किती नोंदवलं हे सगळ्यांना माहीत असतं. व्हिडिओ उभा, तीस सेकंदांचा, गावाचं नाव बोललेला. हवेतून काढलेल्या देखाव्यापेक्षा टाकी भरताना आणि बांधाकडची ओळ फवारताना दिसणारा व्हिडिओ जास्त फिरतो. गूगलवर धंद्याची नोंद जरूर करा, पण तिथून येणारे फोन बहुतेक कंपन्यांचे आणि बागायतदारांचे. लहान शेतकरी दुकानदाराच्या नाहीतर पाहुण्याच्या शब्दावर येतो.

दर

पहिल्या हंगामात ३०० रुपयांनी गाव धरायचं आणि पुढच्या वर्षी वाढवायचं, ही चाल बहुतेक वेळा फसते. हिशेब मांडून बघा. बॅटरीचा संच ५० हजारांचा आणि तो २५० वेळा चार्ज झाला, असं धरलं तर एकराला एक चार्ज या हिशेबाने २०० रुपये नुसत्या बॅटरीत गेले. पायलट आणि मदतनीस मिळून दिवसाला १,५०० आणि काम वीस एकर, म्हणजे ७५. जनरेटरचं पेट्रोल, गाडी, दुकानदाराचं कमिशन धरून आणखी शंभर-सव्वाशे. ड्रोनचा हप्ता आणि पडझड यात आलेलीच नाही. सूट द्यायचीच असेल तर सलग एकरांना द्या: एकाच दिवशी एका शिवारात वीस भरले तर सगळ्यांना एकरी ५० कमी. मग शेतकरीच शेजाऱ्याला गोळा करतो.

एकर मोजण्यावरून भांडण ठरलेलं. सातबाऱ्यावर दोन एकर, पेरलेलं एक एकर बत्तीस गुंठे, आणि रिमोटच्या पडद्यावर तिसराच आकडा. सुरू करण्याआधी शेताच्या कडा रिमोटवर नोंदवून पडद्यावरचं क्षेत्र मालकाला दाखवा आणि त्याच गुंठ्यांवर पैसे घ्या. पावसाचंही आधीच ठरवा, जसं की 'दोन तासांत पाऊस आला तर पुन्हा फवारणी अर्ध्या दरात, औषध तुमचं'. हे पावतीवर छापलेलं असावं.

मोठी कामं

साखर कारखान्यात शेतकी अधिकाऱ्याला भेटायची वेळ मे-जून. गाळप सुरू झालं की त्याला तोडणीशिवाय काही दिसत नाही. त्याच्यापुढे एक पान ठेवा: कोणते गट, दिवसाला किती एकर, दर, कागदपत्रं, आणि शेजारच्या गावातल्या उसावरच्या कामाचे फोटो. गट ऑफिसच्या चिटबॉयला (उसाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) प्रत्येक प्लॉटची लागवडीची तारीख तोंडपाठ असते, त्याची ओळख अधिकाऱ्याइतकीच कामाची. पैसे ऊसबिलातून कापून मिळणार असतील तर ते महिनोन्‌महिने लांबतात. तेवढा खर्च पेलणार असेल तरच होकार द्या. शेतकरी उत्पादक कंपन्यांचंही साधारण तसंच, म्हणून निम्मी रक्कम काम सुरू होताना मागा.

२०२३ च्या नोव्हेंबरात केंद्राने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली: १५,००० बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मदत. तुमच्या वर्तुळात असा गट असेल तर दरावरून त्याच्याशी झगडू नका. गर्दीच्या आठवड्यात त्यांच्याकडे कामं उरतात, तुमच्याकडे गाडी आणि जादा बॅटऱ्या असतात, वाटणी ठरवा.

नाव घालवणाऱ्या गोष्टी

तणनाशक. २,४-डी चा फवारा वाऱ्याने शेजारच्या कपाशीवर किंवा द्राक्षावर गेला तर पानं वाकडी होतात आणि भरपाईची बोलणी तुमच्या दारात. निदान सुरुवातीची दोन वर्षं तणनाशकाचं काम घेऊ नका. मराठवाड्यात शेजारी तुती आहे का हे विचारल्याशिवाय कीटकनाशक उडवू नका. पाल्यावर अंश गेला आणि तो रेशीम अळ्यांना घातला की अख्खी बॅच बसते. मधपेट्यांचंही तेच. शेजाऱ्याला आदल्या संध्याकाळी फोन करा. तो फोन जाहिरातीचंही काम करतो, बहुतेक जण 'मग माझंही बघा' म्हणतात. वारा ताशी १० किलोमीटरच्या वर गेला की थांबा, बांधावर कितीही जण उभे असोत.

पट्टे उठले, म्हणजे मधल्या दोन ओळींत अळी जिवंत राहिली, तर कारण बहुधा तुंबलेला नोझल किंवा दोन फेऱ्यांमधलं जास्त अंतर असतं. तक्रार आली त्याच दिवशी शेतावर जा, उड्डाणाचा लॉग (ड्रोन कुठून कुठे फिरला त्याची नोंद) फोनवर उघडा, सुटलेली पट्टी दिसत असेल तर फुकट मारून द्या. लॉगमध्ये सगळं भरून दिसत असेल तर औषध आणि अळीची अवस्था यावर बोला, दुकानदाराला सोबत घेऊन.

वहीत प्रत्येक गिऱ्हाइकापुढे फवारणीची तारीख, औषध, गुंठे आणि बाकी म्हणजे राहिलेले पैसे लिहा. बाराव्या दिवशी फोन करा, आणि बाकीची आठवण त्या फोनमध्ये काढू नका. 'काका, तुरीला फूल किती लागलंय? गुरुवारी तुमच्याच शिवारात आहोत, नऊ एकर भरलेत,' एवढंच विचारा. बाकी ते स्वतःच गुरुवारी बांधावर घेऊन येतात.