ग्रंथालयाचे फोटो नुसते टाकू नका, सापडतील असे टाका

फोटो सगळ्याच ग्रंथालयात काढतात, प्रदर्शनाचे, कार्यक्रमाचे, नवीन पुस्तकांचे, पण ते राहतात कुणाच्या तरी मोबाईलमधे आणि त्यांची बदली झाली की फोटोही त्यांच्याबरोबर जातात. म्हणून आधी ग्रंथालयाच्याच ईमेलवरून फोटो ठेवायच्या साइटवर अकाउंट उघडा, फ्लिकर घ्या नाहीतर गूगल फोटोज, आणि पासवर्ड निदान दोघांना माहीत असू द्या.

अपलोड करणं सोपं आहे हो, खरं काम पुढेच असतं. फोटोला नाव, तारीख, जागा, कोण दिसतंय हे दोन ओळीत लिहायचं आणि टॅग, म्हणजे फोटो शोधायला लागणारे शब्द, द्यायचे, आणि टॅग ठरवून द्या, म्हणजे एकदा बालविभाग लिहिलं तर पुढच्या वेळी मुलांचा विभाग नको, आपण पुस्तकांना विषय देतो तसंच आहे हे. नवीन पुस्तकांचा फोटो टाकताना दहा पुस्तकं ओळीने उभी करून पाठीवरची नावं वाचता येतील असा काढा आणि तरीही सगळी नावं खाली टाईप करा, कारण सर्चला ती लागतात आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर लिहिलेलंच वाचतो.

बाइंडिंगला पाठवायच्या आधी फाटक्या पानांचे फोटो काढून प्रायव्हेट अल्बममधे ठेवा, पुस्तक परत आल्यावर पानं जुळवून बघता येतात.

सगळ्यात जास्त जीव लावावा असं काम म्हणजे जुने फोटो. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मधे फ्लिकरवर ३००० च्या वर जुने फोटो टाकले, लोकांनी माणसं ओळखली, जागा सांगितल्या, आणि ग्रंथालयाने ती माहिती तपासून त्याच वर्षात ५०० हून जास्त कॅटलॉग नोंदी सुधारल्या. तपासून, हे महत्त्वाचं! आपल्यालाही हे जमतं, फक्त नेमकं विचारायचं, "मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण?" असं विचारलं की लोक खरंच थांबून बघतात, नुसतं "जुना फोटो" लिहिलं की लाईक करून पुढे जातात.

वाचकांचे चेहरे असतील तर विचारल्याशिवाय पब्लिक करू नका, लहान मुलांचे असतील तर पालकांची लेखी परवानगी घ्याच. देवघेव काउंटरचा फोटो झूम करून बघा, मागच्या स्क्रीनवर कुणी काय नेलंय ते दिसत असतं आणि ते गुपित राखणं आपलं काम आहे. मोबाईल फोटोत लोकेशनही साठवतो, तेही बघून घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स, म्हणजे इतरांना ठराविक अटींवर फोटो वापरायची आधीच दिलेली परवानगी, फक्त स्वतः काढलेल्या फोटोंना द्या, मुखपृष्ठ चित्रकाराचं किंवा प्रकाशकाचं असतं, आपण त्याचा फोटो काढला म्हणून ते आपलं होत नाही.

आणि मूळ फाईल हार्ड डिस्कवर ठेवाच, कारण साइट नियम बदलतात, फ्लिकरने २०१९ पासून फुकट अकाउंटला १००० फोटोंची मर्यादा घातली, गूगल फोटोजचं फुकट अमर्याद स्टोरेज जून २०२१ मधे बंद झालं. हार्ड डिस्कवर फोल्डरला वर्ष आणि महिना असं नाव द्या, आणि साइटवर लिहिलेली माहिती त्याच फोल्डरमधे एका साध्या टेक्स्ट फाईलमधे कॉपी करून ठेवा.