दाखला शिकवायला घेण्याआधी

आमच्या कोल्हापूरच्या मंडळीत नव्यानं बायबल अभ्यास घेणारी मुलं विचारतात, येशूचे दाखले, म्हणजे त्यानं सांगितलेल्या बोधकथा, शिकवायच्या कशा? मला जे उशिरा उमगलं, ते त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिली दोन वर्षं मी दाखल्यातल्या प्रत्येक वस्तूला अर्थ चिकटवत होतो. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला मंदिरातली दोन माणसं ओलांडून जातात, आणि यहुद्यांना परका असलेला शोमरोनी त्याला उतारशाळेत नेतो. मी सांगायचो, जखमी माणूस म्हणजे आदाम, उतारशाळा म्हणजे मंडळी. हा अर्थ ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडितानंही लावला होता आणि भक्तीला तो पोसतोही. पण त्यात मूळ प्रश्न हरवतो. धर्मशास्त्र जाणणाऱ्या एका शास्त्र्यानं येशूला विचारलं होतं, "माझा शेजारी कोण?" येशूनं गोष्ट सांगून उलट त्यालाच विचारलं, या तिघांपैकी शेजारी कोण झाला? म्हणून दाखल्याच्या मागच्या-पुढच्या ओळी वाचल्याशिवाय शिकवायला उभे राहू नका. लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येशू पाप्यांबरोबर जेवतो म्हणून परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, कुरकुरतात, त्यावर उधळ्या मुलाची गोष्ट येते: संपत्ती उडवून परतलेल्या धाकट्याला बाप मिठी मारतो. हे ध्यानात आलं की रुसून घराबाहेर थांबलेला थोरला भाऊ नीट दिसायला लागतो.

येशूच्या काळची तिथली रीतही माहीत हवी. पेरणाऱ्याच्या दाखल्यात काही बी वाटेवर, काही काट्यांत पडतं. आपल्याकडं कुरीनं पेरणाऱ्याला वाटतं, वाटेवर आणि काट्यांत बी टाकणारा हा कसला शेतकरी! गालीलात मुठीनं बी फेकून पेरत, एवढं सांगितलं की गोष्ट सुरळीत होते.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०) मात्र मला एका मावशींनी शिकवला. त्यात मालक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत मजूर लावत राहतो आणि शेवटी सगळ्यांना सारखाच एक दीनार देतो, म्हणून पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. त्या जन्मभर भांगलणीला रोजानं गेलेल्या. मी फळ्यावर पहाट, नऊ, बारा, तीन, पाच अशा वेळा मांडून प्रत्येक वेळेला जगाच्या इतिहासाचा एकेक काळ जोडत होतो. मावशी मागून म्हणाल्या, "बाळ, त्यो मालक इचारतोय न्हवं, दिवसभर रिकामं का हुबं ऱ्हायलासा? आनि ते काय सांगत्यात? आमाला कुनी लावलंच न्हाई. पाच वाजंस्तोवर घरला न जाता हुबं ऱ्हायलेलं मानूस आळशी कसं आसंल?"

मग त्यांनी हिशेब मांडला. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, म्हणजे घरातल्यांचं एका दिवसाचं जेवण. "तासाभराचंच पैसं नेलं, तर घरात किती जणांनी जेवायचं?"

मी खडू खाली ठेवला. वीस वेळा वाचलेल्या दाखल्यात संध्याकाळी पाचला चौकात उभ्या असलेल्या माणसाचं पोट मला कधी दिसलंच नव्हतं.

दाखला स्वतःला लावायचा तर आधी विचारा, यातला मी कोण? आपण लगेच भल्या माणसाच्या जागी जाऊन बसतो. मत्तयच्या मागच्याच अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागं आलो, आम्हाला काय मिळणार? त्या प्रश्नापाठोपाठ हा दाखला येतो. म्हणजे बोट पहाटेपासून राबणाऱ्यांकडं आहे, माझ्यासारख्या जुन्या विश्वासणाऱ्यांकडं.

त्याच महिन्यात माझ्यानंतर चार वर्षांनी कामाला लागलेल्या एकाचा पगार माझ्याइतका झाला होता. माझा एक रुपयाही कमी झाला नव्हता, तरी मी त्याच्याशी नीट बोलत नव्हतो. "मी उदार आहे हे तुझ्या डोळ्यांत सलतं का?" हा मालकाचा प्रश्न त्या रात्री मी परत परत वाचला.

सकाळी त्याच्या टेबलाशी जाऊन अभिनंदन केलं. त्यानं खुर्ची ओढून दिली आणि सांगितलं, वडिलांचं डायलिसिस चालू आहे.