थॉमस जेफरसन यांचा पत्रव्यवहार कसा वाचावा

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी आयुष्यभरात सुमारे १९ हजार पत्रे लिहिली, पण त्यांतून बहुतेक वाचकांपर्यंत पोहोचतात ती दहा-वीस सुटी वाक्ये. स्वातंत्र्याच्या वृक्षाला देशभक्तांचे आणि जुलमी राज्यकर्त्यांचे रक्त अधूनमधून मिळाले पाहिजे, हे त्यांतले सर्वांत गाजलेले वाक्य. वाक्य खरे आहे, मात्र ते जाहीर भाषणात उच्चारलेले नाही. १३ नोव्हेंबर १७८७ रोजी पॅरिसहून लंडनला, जॉन अ‍ॅडम्स यांचे जावई विल्यम स्टीफन्स स्मिथ यांना लिहिलेल्या पत्रात ते येते. मॅसॅच्युसेट्समधील शेतकऱ्यांच्या बंडाचा बाऊ करून नव्या राज्यघटनेत अध्यक्षाला अधिक बळ दिले गेले, या वैतागातून हे पत्र उतरले आहे. पत्र म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाला एका विशिष्ट दिवशी सांगितलेली गोष्ट. वाचनाची सारी पद्धत या जाणिवेवर उभी करावी लागते.

वाचनासाठी ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘फाउंडर्स ऑनलाइन’ हे संकेतस्थळ २०१३ पासून सर्वांना विनामूल्य खुले आहे. जेफरसन यांच्या पत्रांच्या संपादित आवृत्त्या तेथे टिपांसह वाचता येतात. मुख्य आवृत्ती प्रिन्स्टन विद्यापीठाची असून तिचा पहिला खंड १९५० साली निघाला. अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्यानंतरच्या, म्हणजे १८०९ पुढच्या पत्रांचे संपादन मॉन्टिसेलो येथे, त्यांच्या जुन्या निवासस्थानी, स्वतंत्रपणे चालते. एखादे अवतरण खरोखर त्यांचे आहे का, ही शंका आली की प्रथम येथेच शोध घ्यावा. त्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या खोट्या अवतरणांची यादीही मॉन्टिसेलोच्या संकेतस्थळावर मिळते.

सुरुवात मात्र शब्द शोधून करू नये. ‘स्वातंत्र्य’ असा शब्द टाकून शेकडो निकाल चाळल्याने हाती पुन्हा सुटी वाक्येच लागतात. त्याऐवजी एक व्यक्ती आणि एक कालखंड निवडावा, आणि दोन्ही बाजूंची पत्रे तारखेच्या क्रमाने वाचावीत. निकटचे राजकीय सहकारी जेम्स मॅडिसन यांच्याशी १७८४ ते १७८९ या काळात, जेफरसन अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून फ्रान्समध्ये असताना झालेला पत्रव्यवहार यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. ज्यांना राजकारणापेक्षा मनुष्यस्वभावात अधिक रस आहे, त्यांनी अ‍ॅडम्स यांच्याबरोबरची उत्तरायुष्यातील पत्रे घ्यावीत. अनेक वर्षांच्या अबोल्यानंतर, दोघांचे मित्र बेंजामिन रश यांच्या मध्यस्थीने, १ जानेवारी १८१२ रोजी अ‍ॅडम्स यांनी पहिले पत्र लिहिले आणि दोघा माजी अध्यक्षांचा हा संवाद १८२६ पर्यंत चालू राहिला.

प्रत्येक पत्राच्या दोन तारखा असतात, एक लिहिल्याची आणि एक मिळाल्याची, आणि त्या दोन्ही नोंदवून ठेवाव्यात. अटलांटिक ओलांडायला पत्राला अनेक आठवडे लागत, त्यामुळे पॅरिसमध्ये लिहिलेले मत व्हर्जिनियात वाचले जाई तोवर परिस्थिती बदललेली असे. या बाबतीत जेफरसन यांनीच आपली मोठी सोय करून ठेवली आहे. १७८३ पासून १८२६ पर्यंत, मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत, त्यांनी पाठवलेल्या आणि आलेल्या पत्रांची नोंदवही ठेवली. जी पत्रे आज हरवली आहेत त्यांचाही माग या वहीमुळे लागतो, म्हणून संपादकांच्या टिपांमध्ये तिचा उल्लेख आला की तो वगळून पुढे जाऊ नये.

तारखेकडे दुर्लक्ष केल्यास काय हुकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे पृथ्वी ही जिवंत असलेल्यांच्या उपभोगासाठी आहे, एका पिढीला पुढच्या पिढीवर कर्ज किंवा कायदे लादण्याचा अधिकार नाही, असा विचार मांडणारे प्रसिद्ध पत्र. त्यावर ६ सप्टेंबर १७८९ ही तारीख आहे आणि ते मॅडिसन यांना उद्देशून आहे. परंतु फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत पॅरिसमध्ये लिहिलेले हे पत्र त्यांनी त्या वेळी पाठवलेच नाही. अमेरिकेत परतल्यावर, जानेवारी १७९० मध्ये, त्यांनी ते मॅडिसन यांच्याकडे रवाना केले. मॅडिसन यांनी फेब्रुवारीत दिलेले उत्तर तर जेफरसन यांच्या पत्राइतकेच मोलाचे आहे. दर पिढीला कायदे आपोआप रद्द होऊ लागले तर मालमत्तेचे व्यवहार कोलमडतील, आणि पूर्वजांनी काढलेल्या काही कर्जांचा लाभ वंशजांनाही मिळतो, असे त्यांचे सौम्य पण नेमके आक्षेप आहेत. हे उत्तर न वाचता केवळ मूळ पत्र उद्धृत करणे म्हणजे अर्धाच वाद ऐकणे होय.

पत्राखालच्या टिपेत प्रतीचा प्रकारही सांगितलेला असतो. पत्र ज्याला लिहिले त्याच्याकडे पोहोचलेली प्रत, मसुदा आणि जेफरसन यांनी स्वतःजवळ ठेवलेली प्रत यांत फरक करावा. १७८५ च्या सुमारास त्यांनी ओलसर पातळ कागद दाबून शाईचा ठसा घेणारे यंत्र मिळवले, आणि १८०४ पासून दोन लेखण्या एकाच वेळी चालवणारे यंत्र वापरले. त्यामुळे अनेकदा मूळ पत्र नाहीसे झाले तरी त्यांची प्रत शिल्लक राहिली. पण केवळ त्या प्रतीवरून पत्र पोहोचले, असे गृहीत धरता येत नाही.

त्यानंतर पाहावे ते पत्राच्या वाटेकडे. टपाल फोडले जाईल ही भीती त्यांना सतत होती. मॅडिसन आणि दुसरे सहकारी जेम्स मन्रो यांच्याशी ते नाजूक मजकूर अंकांच्या संकेतलिपीत लिहीत. छापील आवृत्तीत असा उलगडलेला मजकूर तिरप्या अक्षरांत दिसतो, आणि नेमके तेच भाग सावकाश वाचण्यासारखे असतात. एप्रिल १७९६ मध्ये इटलीतील मित्र फिलिप माझेई यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या सरकारला पाठिंबा देणाऱ्या फेडरलिस्ट पक्षावर कडक टीका केली होती. पुढच्या वर्षी त्यातला मजकूर पॅरिसच्या वृत्तपत्रात फ्रेंचमध्ये छापला गेला, तेथून तो इंग्रजीत उलटा भाषांतरित होऊन न्यू यॉर्कला परतला, आणि उपाध्यक्षपदी असलेल्या जेफरसन यांनी वॉशिंग्टन यांचा अपमान केला असा गदारोळ उठला. नोव्हेंबर १७९८ मध्ये तर त्यांनी व्हर्जिनियातील राजकीय सहकारी जॉन टेलर यांना सरळ कळवले की टपालाचा भरवसा नसल्याने मोकळेपणाने लिहिता येत नाही. सरकारवरील टीकेला शिक्षा देणारा राजद्रोहाचा कायदा त्याच वर्षीचा. त्यामुळे या काळातील त्यांच्या मौनावरून त्यांना मत नव्हते असा निष्कर्ष काढू नये.

खासगी आणि राजकीय असे दोन ढीग करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. नोव्हेंबर १७८३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या प्रतिनिधी सभेच्या, कामासाठी अ‍ॅनापोलिसला आलेले जेफरसन फिलाडेल्फियात राहणाऱ्या आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला संगीत, नृत्य, फ्रेंच आणि वाचन यांचे तासवार वेळापत्रक आखून देतात, तेव्हा तिच्या आईला जाऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेले असते. त्या पत्नीबरोबरचा पत्रव्यवहार मात्र आज उपलब्ध नाही. संग्रह कितीही प्रचंड असला तरी त्याची राखण करणाऱ्याने काय राखले नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

गुलामगिरीबाबत ही दक्षता सर्वाधिक लागते. जेफरसन यांनी आयुष्यात ६०० हून अधिक माणसांना गुलामीत ठेवले, आणि त्या माणसांचा स्वतःचा आवाज या संग्रहात फार क्वचित ऐकू येतो. म्हणून पत्रांच्या शेजारी त्यांची शेतीची वही उघडी ठेवावी. तिच्यात माणसांची नावे, जन्म आणि वाटलेले कापड यांच्या नोंदी आहेत. व्यक्ती बदलली की सूर कसा बदलतो, हेही येथेच स्पष्ट कळते. स्वतंत्र कृष्णवर्णीय गणिती बेंजामिन बॅनेकर यांनी ऑगस्ट १७९१ मध्ये आपल्या पंचांगाच्या हस्तलिखितासोबत त्यांना एक धीट पत्र पाठवले आणि सर्व माणसे समान आहेत असे लिहिणारा हातच माणसांना दास्यात कसा ठेवतो, असे विचारले. जेफरसन यांचे उत्तर सभ्य आणि आशावादी आहे. १८०९ मध्ये कवी आणि मुत्सद्दी जोएल बार्लो यांना लिहिताना मात्र ते बॅनेकर यांच्या त्याच पत्राला अगदी सामान्य बुद्धीचे लक्षण ठरवतात. ही तीन पत्रे एकाच बैठकीत वाचावीत, आणि आधी बॅनेकर यांचे पत्र अखेरपर्यंत वाचून मगच जेफरसन यांच्या उत्तराकडे वळावे.