नोबेल विजेत्यांवर चार्ट, भाषण नाहीतर क्विझ करताय? या चुका टाळा

आमच्या नाशिकमधे फेब्रुवारीचे शेवटचे दोन दिवस शाळांमधे नुसती धावपळ असते. २७ला कुसुमाग्रजांचा वाढदिवस म्हणजे मराठी भाषा गौरव दिन आणि लगेच दुसऱ्या दिवशी २८ला विज्ञान दिन, त्यामुळे एकाच आठवड्यात कविता पाठ करायची, चार्ट करायचा, भाषण बसवायचं, सगळं आईबाबांच्या अंगावर येतं आणि मग रात्री दहा वाजता फॅमिली ग्रुपवर मेसेज पडतो, "नोबेलवाल्यांची लिस्ट आहे का कोणाकडे?" मी सिडकोत मुलांची भाषणं आणि प्रश्नमंजुषेची तयारी करून घेते, तर दरवर्षी त्याच त्या चुका बघून शेवटी लिहायला बसले.

मागच्या वर्षी सातवीतली एक मुलगी चार्ट घेऊन आली. निळा चार्ट पेपर, कडेने सोनेरी लेस, एमजी रोडवरून कलर प्रिंट काढून आणलेले बारा फोटो आणि वर मोठ्ठ्या अक्षरात 'भारताचे नोबेल विजेते'. पहिल्या ओळीत टागोर, रामन, मग अब्दुल कलाम, खाली जगदीशचंद्र बोस आणि मधोमध गांधीजी. फेविकॉल अजून ओलाच होता. मी म्हटलं हे तीन काढावे लागतील, तर ती एकदम रडवेली झाली, "ताई, पण हे तर सगळ्यात मोठे आहेत ना?"

बघा, चूक नेमकी इथेच होते. मोठा माणूस म्हणजे त्याला नोबेल मिळालेलंच असणार असं आपण धरून चालतो. कलामांना १९९७ला भारतरत्न मिळालं, नोबेल नाही. जगदीशचंद्र बोस यांनाही नाही, आणि सत्येंद्रनाथ बोस, ज्यांच्या नावावरून 'बोसॉन' हा एका प्रकारच्या सूक्ष्म कणांसाठीचा शब्द आला, त्यांनाही नाही. गांधीजींचं नाव १९३७, ३८, ३९, ४७ आणि ४८ अशा पाच वर्षी सुचवलं गेलं होतं, पण पुरस्कार कधीच दिला गेला नाही. १९४८ला तर समितीने शांततेचा पुरस्कार कोणालाच दिला नाही, योग्य अशी हयात व्यक्ती नाही असं कारण देऊन, आणि गांधीजींची हत्या त्याच वर्षीच्या जानेवारीतली. भाषणात ही गोष्ट सांगा, ती कुठल्याही पदकापेक्षा जास्त लक्षात राहते. खोटं पदक गळ्यात घालून आपण त्यांचा मान वाढवत नाही.

याच्याच जोडीची चूक म्हणजे नामांकन. 'अमक्यांना नोबेलसाठी नामांकन' अशी बातमी आली की लोक अभिनंदनाचे बोर्ड लावतात. विद्यापीठांतले प्राध्यापक, आधीचे विजेते, शांततेच्या पुरस्कारासाठी खासदारसुद्धा नाव सुचवू शकतात, आणि खरी यादी ५० वर्षं गुप्त ठेवतात, त्यामुळे यंदाचं नामांकन हे फार तर नाव सुचवणाऱ्याने स्वतः सांगितलेलं असतं. चार्टवर त्याला जागा नको.

आणि मॅगसेसेला नोबेल समजू नका. 'आशियाचं नोबेल' म्हणतात म्हणून गोंधळ होतो. बाबा आमटेंना १९८५ला, प्रकाश आणि मंदाकिनी आमटेंना २००८ला मिळाला तो मॅगसेसे. आपल्या तात्यासाहेबांना, म्हणजे कुसुमाग्रजांना मिळालं ते ज्ञानपीठ, १९८७चं. हे मुद्दाम लिहितेय कारण ते राहायचे त्या टिळकवाडीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांकडूनही मी 'कुसुमाग्रजांना साहित्याचं नोबेल' हे वाक्य ऐकलंय, आणि तेव्हा खरंच पोटात कालवतं.

आता भारतीय किती, यावरून क्विझमधे हमखास भांडण होतं. माझा सल्ला सोपा आहे, दोन रकाने करा. एकात टागोर १९१३, रामन १९३०, मदर तेरेसा १९७९, अमर्त्य सेन १९९८, कैलाश सत्यार्थी २०१४. दुसऱ्यात भारतात जन्मलेले पण पुरस्कार मिळाला तेव्हा परदेशी नागरिक असलेले, हरगोविंद खुराना १९६८, चंद्रशेखर १९८३, व्यंकटरामन रामकृष्णन २००९, अभिजित बॅनर्जी २०१९. मदर तेरेसांचा जन्म युरोपातल्या स्कोपये शहरातला, पण त्या भारतीय नागरिक होत्या म्हणून पहिल्या रकान्यात. खुरानांचं गाव रायपूर आज पाकिस्तानात येतं, तेही सांगून ठेवा. बॅनर्जींबद्दल 'पहिले मराठी नोबेल विजेते' असा फॉरवर्ड फिरतो, तर खरं एवढंच की जन्म मुंबईचा, आई निर्मला बॅनर्जी या माहेरच्या पाटणकर, मधलं नाव विनायक, वाढले मात्र कोलकात्यात. आपल्याला आनंद व्हायला एवढं पुरेसं आहे की.

रामन यांच्याबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा थांबून सांगते. २८ फेब्रुवारी हा त्यांचा वाढदिवस नाही. वाढदिवस ७ नोव्हेंबरचा, १८८८चा (मेरी क्युरींचाही ७ नोव्हेंबरच, १८६७, मुलांना हे फार आवडतं). २८ फेब्रुवारी १९२८ला कोलकात्यात रामन परिणामाचा शोध लागला म्हणून विज्ञान दिन, आणि दोनच वर्षांनी १९३०ला नोबेल, तेही कोणाशी वाटून नाही, एकट्याला. 'समुद्र निळा का दिसतो हे शोधलं म्हणून नोबेल' असं सरसकट लिहितात. १९२१च्या बोटीच्या प्रवासात भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून कुतूहल वाढलं हे बरोबर, पण पुरस्कार ज्याला मिळाला ते काम असं की एकाच रंगाचा प्रकाश द्रवातून गेला की विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर येतो, आणि तो किती बदलला यावरून तो पदार्थ कुठल्या रेणूंचा आहे ते ओळखता येतं. के. एस. कृष्णन या कामात सोबत होते, त्यांचं नाव घ्या, परीक्षकांना बरं वाटतं आणि ते योग्यही आहे.

टागोरांनी नोबेल परत केलं हेही चूक. १९१९ला जालियनवाला बागेनंतर त्यांनी परत केली ती 'सर' ही पदवी. पदक शांतिनिकेतनातून २००४ला चोरीला गेलं, ती वेगळी गोष्ट.

परदेशी विजेत्यांमधे आइन्स्टाइन घ्या, दहातली नऊ मुलं सापेक्षतावाद लिहितात. पुरस्कार १९२१चा, जाहीर १९२२ला, आणि मुख्यतः प्रकाशविद्युत परिणामासाठी, म्हणजे प्रकाश पडला की धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात त्याच्या नियमासाठी. मेरी क्युरींनी एक्स-रे शोधला नाही, तो राँटजेननी, ज्यांना १९०१चं फिजिक्सचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. क्युरींचं १९०३चं फिजिक्सचं होतं, अर्धं बेकरेलना आणि उरलेल्या अर्ध्यात मेरी आणि पिएर, म्हणजे बाईंच्या वाट्याला पाव. १९११चं केमिस्ट्रीचं मात्र पूर्ण त्यांचं. 'दोनदा नोबेल मिळालेल्या एकमेव' असं लिहू नका, बार्डीन, सँगर, पॉलिंग, शार्पलेस हेही आहेत, पण विज्ञानाच्या दोन वेगळ्या विषयांत मिळालेल्या त्या एकट्याच.

गणिताचं नोबेल नसतं. नोबेलच्या बायकोचा प्रियकर गणितज्ञ होता म्हणून, अशी जी गोष्ट त्यामागे सांगतात ती मुलांना तर सांगूच नका, आल्फ्रेड नोबेलचं लग्नच झालं नव्हतं. १८९५च्या मृत्युपत्रात पाचच विषय होते, अर्थशास्त्राचा पुरस्कार स्वीडनच्या बँकेने नोबेलच्या स्मरणार्थ सुरू केला आणि पहिला दिला १९६९ला. शांततेचा ऑस्लोत देतात, बाकीचे स्टॉकहोममधे.

चार्ट झालाय आणि चूक आता कळली तर? फोटो ओढून काढू नका, कागद सोलून निघतो. आम्ही ओढला तर खाली पांढरे डाग पडले. मग त्या सातवीतल्या मुलीने पिवळ्या घोटीव कागदाचे तीन चौकोन कापले आणि त्याच जागी ते लावून वर 'नोबेल न मिळालेले थोर' असं लिहून खाली तेच फोटो परत छापून लावले, गांधीजींखाली १९४८ची गोष्ट दोन ओळीत. परीक्षक सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबले.

तपासायचं कसं, तर प्रत्येक नावापुढे वर्ष, विषय आणि कशासाठी हे तीन रकाने भरा. तिसरा रकाना मुलाला स्वतःच्या शब्दांत भरता येत नसेल तर ते नाव सध्या बाजूला ठेवा, बारा अर्धवट नावांपेक्षा चार नीट समजलेली बरी. नोबेलच्या अधिकृत वेबसाइटवर प्रत्येक विजेत्याचं कारण एका ओळीत दिलेलं असतं आणि पुरस्काराचा वाटा किती तेही, मराठीतून वाचायचं तर रविवारी मुलाला घेऊन सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात जा. आणि फोटो चिकटवायचे ते सगळ्यात शेवटी, आधी पेन्सिलने चौकोन आखून आत फक्त नाव आणि वर्ष लिहून घ्या.