कॅम्परच्या फायबरला तडा गेला तर
घोडबंदर रोडवर फांदी घासून कॅम्परच्या (आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या) फायबरच्या बॉडीला तडा गेला, तर नुसती पुट्टी फासू नका. गाडी हादरली की ती पुन्हा फुटते. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. कडेने दोन-तीन इंच ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उतार देत घासा, अ‍ॅसिटोनने पुसा. १०० ग्रॅम पॉलिस्टर रेझिनला (फायबर जोडणारा चिकट द्रव) दीड-दोन मिली हार्डनर (तो घट्ट करणारं द्रव्य) पुरे; जास्त झालं तर डब्यातच तापून घट्ट होतं. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) वेगळं मिळालं तर आधी रेझिनमध्ये ढवळा. हार्डनरमध्ये थेट कधीच नाही, भडका उडतो! मग मॅटचे (काचेच्या तंतूंच्या कापडाचे) तीन थर रेझिन लावून ब्रशने दाबून बसवा. पांढरट ठिपका दिसला म्हणजे तिथे रेझिन पोचलेलं नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात हे काम उघड्यावर नकोच, ओली मॅट नीट धरत नाही.